नोटीस देणारे भूत

ज्या माणसाला मी आयुष्यात सर्वांत अधिक पत्रे लिहिली, त्याने मला एकाही पत्राचे उत्तर दिले नाही. नगरपालिकेने दिले, टपाल खात्याने दिले, एका मंत्र्यांच्या खासगी सचिवांनी तर सुवाच्य अक्षरात दिले. आमचे घरमालक मात्र सोळा वर्षे माझ्या भिंतीपलीकडे राहिले, माझे प्रत्येक पत्र दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले आणि कोटाच्या खिशात ठेवले. पुढे त्या पत्रांचे काय होई, ते कळले नाही. आज हे लिहितो आहे ते त्यांच्याविरुद्धची तक्रार म्हणून की माझा स्वतःचा कबुलीजबाब म्हणून, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही. ठरले असते, तर एव्हाना योग्य त्या कार्यालयाकडे रवाना केले असते.

सारी गल्ली त्यांना नाना म्हणे; मीही तेच म्हणत असे, पण पत्रात नाही. धुळ्यातील त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत माझे वकिलीचे कार्यालय व मागे बिऱ्हाड होते, आणि लाकडी फळ्यांच्या भिंतीपलीकडे त्यांचा फोटो काढण्याचा स्टुडिओ. त्या फळ्या अशा होत्या की मी लेखनिकाला मजकूर सांगू लागलो की पलीकडची नवी जोडपी फोटोसाठी बसल्या बसल्या माझी संपूर्ण कैफियत ऐकत. तळे, हंस आणि एक जिना रंगवलेल्या पडद्यापुढे नाना त्यांना बसवीत आणि तिपाईवरच्या जुन्या पेटी-कॅमेऱ्यामागे काळ्या कापडात डोके घालून बोलत राहत. त्या कापडातून त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येई.

फोटोला बसलेला माणूस, मग तो मारवाडी पेढीचा मालक असो की फैजपूरकडचा केळीवाला, हटकून एकच प्रश्न विचारी : "नाना, हात कुठे ठेवू?"

नानांचे उत्तर ठरलेले, त्यांच्या अहिराणीत. "हातले काही सांगू नका. तो खरं बोलस. तोंडले सांगा."

त्यांची अशी समजूत होती की माणूस तोंडाने हवे ते भासवू शकतो, हाताला ते जमत नाही. नवरदेव हसत असला तरी त्याची मूठ पाहून ते मला सायंकाळी सांगत, "हाई लगीन बापानी ठरावेल शे." मी त्यांना सांगत असे की हे अनुमान पुराव्याच्या कायद्यात बसत नाही. ते मान हलवीत. त्यांचे मान हलवणे संमतीचे की अनुकंपेचे, हेही मला कधी कळले नाही.

दुसरी गोष्ट त्यांच्या चित्रांची. नानांना लिहिता येत नव्हते. सही करीत, पण ती काढल्यासारखी, जीभ दातांत धरून. मला काही कळवायचे असले की ते खडूने माझ्या दारावर चित्र काढून जात, आणि चित्र उलटे असे : पाय वर, डोके खाली. जुन्या कॅमेऱ्याच्या काचेत जग उलटे दिसते. तीस वर्षे त्यात पाहून पाहून त्यांना तीच बाजू सुलट वाटू लागली होती. एकदा दारावर एक वळवळती रेघ दिसली. मी ती तुंबलेल्या मोरीबद्दलची सूचना समजलो व तिची दखल घेण्यास नकार देणारे पत्र लिहायला बसलो. पत्नी मान वाकडी करून दारासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, न्हाणीत जाऊ नका. नाना म्हणताहेत, साप निघालाय." न्हाणीत खरोखरच हातभर धामण होती. त्यानंतर दारावरील मजकूर वाचण्याचे काम माझ्या पत्नीकडे गेले. मी त्यात पडलो नाही.

मी पडलो नाही, कारण माझा एक नियम होता आणि तो मी घरमालकांना पहिल्याच महिन्यात सांगितला होता : जे काही म्हणणे असेल, ते लेखी द्यावे. तोंडी बोलण्याला आगापिछा नसतो. माणूस आज एक बोलतो, उद्या दुसरे. कागद फिरत नाही. नळाची वेळ असो, कौलांची गळती असो, नाना दारात उभे राहून "वकीलसाहेब, एक सांगनं व्हतं" म्हणाले, की मी वर न पाहता म्हणे, "लेखी द्या." ते जात. दुसऱ्या दिवशी दारावर उलटा नळ असे.

या माणसाने सिनेमा काढायचा ठरवला.

त्याची सुरुवात एका सरकारी कामाने झाली. नरडाण्यापलीकडच्या एका खेड्यात सुकलाल नावाच्या विहीर खोदणाऱ्या मजुराला खोदकामात तांब्याचा एक प्राचीन करंडा सापडला. नारळाएवढा, अंगावर वेलबुट्टी, झाकणावर मान उंचावलेला मोर. पोलिसांनी तो सुकलालच्या घरातल्या चाऱ्याखालून जप्त केला. अशा वस्तूचा पंचनाम्याच्या जोडीला फोटो लागतो, आणि तिकडे फोटोग्राफर नव्हता. म्हणून फौजदारांनी धुळ्याहून नानांना जीपने नेले. ते परत आले, ते त्या करंड्याने झपाटल्यासारखे. बाजारातल्या एका तांबटाला फोटो दाखवून त्यांनी तसाच करंडा घडवून घेतला, कोणाकडून तरी जुना सोळा मिलिमीटरचा चालता कॅमेरा मिळवला आणि गल्लीत जाहीर केले की आपण भुताचे चित्र काढणार. शापित करंडा, जो हात लावील, त्याचा नाश.

गल्लीने पुष्कळ करमणूक करून घेतली. समोरचा शिंपी विचारी, "नाना, भूत कोण होणार? घरना घरमा एखादं शे का?" नाना गंभीरपणे म्हणत, "तूच ये. तुले रंग लावाना खर्च नही." राजवाड्याची दृश्ये लळिंगच्या किल्ल्यावर झाली, जंगलाची केळीच्या बागेत. करंड्यात अडकलेल्या राणीच्या भुताचे काम करायला एकही बाई तयार होईना, तेव्हा जळगावचा एक कंपाउंडर राजी झाला. मिशी काढण्याचे मात्र त्याने नाकारले, म्हणून ती राणी शेवटपर्यंत तोंडावर पदर धरून लोकांचा जीव घेत होती. आवाज भरायला साधने नव्हती. नाना स्वतःच पडद्याशेजारी ध्वनिक्षेपक घेऊन उभे राहणार आणि सगळ्यांचे बोलणे बोलणार, असे ठरले.

एका दुपारी ते दारात आले.

"वकीलसाहेब, भूतले नोटीसनी मुदत कितली देवानी?"

"कोणाला?"

"भूतले. मारना पहिले नोटीस देवाले पाहिजे ना? तुम्हीच रोज सांगतस, नोटीस दिल्याशिवाय काही करता येत नही."

मी त्यांना सांगितले की भूत ही कायद्याने व्यक्ती नाही, तिला नोटीस देण्याचा अधिकार नाही, आणि हे सर्व विचारायचे तर लेखी विचारावे. पण त्या संध्याकाळपासून फळ्यांपलीकडून तालमीचा आवाज येऊ लागला, आणि मी थिजलो. भूत माझ्या भाषेत बोलत होते. "तुला या नोटिशीने कळविण्यात येते की, सदर करंड्यास तू हात लाविला असून, सबब ही नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांचे आत तू आपला प्राण आमचे स्वाधीन करावा. कसूर केल्यास होणाऱ्या परिणामांची सर्वस्वी जबाबदारी तुझेवर राहील." वर्षानुवर्षे भिंतीआडून जे ऐकले, ते या माणसाने एका शब्दाचाही फरक न करता भुताच्या तोंडी घातले होते. मी तत्काळ निषेधाचे पत्र लिहिले. ते कपाळाला लावून खिशात गेले.

इथवर हा सारा तमाशा होता. पण याच सुमारास सुकलाल जामिनावर सुटून माझ्याकडे आला, आणि तमाशा राहिला नाही.

सुकलाल जमिनीवर बसला. खुर्चीवर बसण्यास त्याने दोनदा नकार दिला. सापडलेले गुप्तधन सरकारला न कळवता दडवले, असा त्याच्यावर आरोप होता. सिद्ध झाला, तर वर्षभराचा तुरुंग. विहिरी उन्हाळ्यात खोदतात. सुनावणीही उन्हाळ्यातच होती. घरात त्याच्याखेरीज सुरुंगाला हात लावणारा कोणी नव्हता.

"मी दडाडं नही, वकीलसाहेब," तो म्हणाला. "सापडनं त्याच दिन पोलीस पाटीलकडे लई गयतू. त्यानीच तीन दिन स्वतःकडे ठेवं. मंग मन्हाकडे परत दिधं, सांगं, घरमा ठेव, मी वर कळावस. आणि त्यानीच पोलीस आणात."

"लेखी काही?"

त्याने आपले दोन्ही हात पुढे केले. सुरुंगाच्या दारूने काळवंडलेले, डाव्या हाताचे एक बोट अर्धे. जणू तेच त्याचे लेखी होते.

कायदा म्हणतो, सापडलेल्या धनाची वर्दी लेखी दिली पाहिजे. लिहिता न येणाऱ्याने काय करावे, ते कायदा म्हणत नाही. याबद्दल मी पुढे सरकारला चार पानी पत्र लिहिले, तो भाग निराळा. त्या वेळी माझ्यापुढे एकच मार्ग होता. पोलीस पाटील हा सरकारचा गावातील माणूस. त्याला सांगितले म्हणजे दडवले नाही, हे तरी म्हणता आले असते. पण पाटलाने आपल्या जबानीत स्वच्छ म्हटले होते की जप्तीच्या दिवसापूर्वी हा करंडा आपण कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. तो खोटे बोलत होता, असे मला मनातून वाटत होते. सिद्ध कसे करावे, ते कळत नव्हते. त्याच्या उलटतपासणीसाठी मी एक्केचाळीस प्रश्न तयार केले. रोज ते मोठ्याने वाचून पाहत असे, आणि रोज एक्केचाळिसाव्याला पाटील निसटून जात असे.

त्या दिवसांत नाना दोन वेळा आले. पहिल्या वेळी म्हणाले, "त्या करंडाना पाटीलबद्दल सांगनं व्हतं." प्रकरण न्यायप्रविष्ट, पक्षकाराचे बोलणे यांनी भिंतीआडून ऐकलेले उघड दिसत होते. मला अतिशय संताप आला. मी म्हणालो, "नाना, या विषयावर एक अक्षरही तोंडी नको. लेखी द्या." दुसऱ्या वेळी ते नुसतेच उभे राहिले. मी बोट वर केले. ते गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारावर चित्र होते. पत्नी माहेरी, जळगावला गेलेली. मी एकटाच त्याच्यासमोर उभा राहिलो. जाड मिशांचा एक माणूस, पाय वर, डोके खाली, आणि त्याने एका पक्ष्याची मान हाताने आवळून धरलेली. गल्लीत तशा मिशा दोघांनाच होत्या. एक तो कंपाउंडर, आणि तो परत जळगावला गेला होता. दुसरा मी. एका अश्राप पक्ष्याचा गळा घोटणारा वकील, उलटा टांगलेला! जाणारेयेणारे थांबून पाहत होते. शिंपी म्हणाला, "साहेब, चेहरा जमना नही, पण मिशा हुबेहूब." मी ओल्या फडक्याने दार पुसले आणि त्याच दिवशी अब्रुनुकसानीची नोटीस नानांच्या हाती दिली. तीत शेवटी लिहिले होते की यापुढे प्रकरण निकाली निघेपर्यंत उभय पक्षांत कोणतेही संभाषण होणार नाही.

नानांनी ती कपाळाला लावली. त्यानंतर ते माझ्याशी खरोखरच बोलले नाहीत. फळ्यांपलीकडे मात्र पुन्हा काम सुरू झालेले ऐकू येई. पूर्ण झाले म्हणून सांगितलेल्या सिनेमात त्यांनी आणखी काहीतरी घालायला घेतले होते. पुढे सिनेमाच्या एका तंबूवाल्याबरोबर ते सुकलालच्या गावाकडच्या, शिंदखेडे तालुक्यातल्या यात्रांतून तो सिनेमा दाखवत फिरू लागले. लोक येत, घाबरत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत, असे कानावर आले. राणीच्या भुताला कोणी फारसे भ्याले नाही. भ्याले ते नोटिशीला. ती भाषा त्या लोकांच्या दारी एरवी बेलिफाबरोबरच येते. मी पाहायला गेलो नाही. माझी नोटीस लागू होती.

सुनावणीच्या दिवशी तालुक्याच्या न्यायालयात उकाडा विलक्षण होता. सुकलाल आरोपीच्या पिंजऱ्यात हात जोडून उभा. त्याने ते सोडावेत, असे मी खुणेने सांगितले. त्याला समजले नाही. पाटील साक्षीला उभा राहिला. धिप्पाड, फेटा कडक, मिशांना पीळ. सरतपासणीत त्याने जबानी सफाईने म्हटली. माझे एक्केचाळीस प्रश्न माझ्या हातात घामाने ओले झाले होते. मग सरकारी वकिलांनी लाखेचे सील फोडून करंडा बाहेर काढला आणि रिवाजाप्रमाणे साक्षीदारापुढे धरला.

"हा हातात घ्या, आणि हाच तो करंडा का, ते सांगा."

पाटलाने हात पाठीमागे नेले.

"घ्या ना."

"आठूनच दखास ना, साहेब. तोच शे."

दंडाधिकारी तरुण होते, नव्यानेच आलेले. त्यांनी विचारले, "हातात घ्यायला काय हरकत आहे?"

मागे बसलेल्या गावकऱ्यांत कुजबुज झाली. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणाले, "त्याना हात आपोआप फिरी! दखज्या तू." दुसरा म्हणाला, "सात दिन व्हयनात का रे?" पट्टेवाल्याने त्यांना गप्प केले. मला यातील एक शब्दही कळला नाही. मी तीस वर्षांच्या वकिलीत हात लपवणारा साक्षीदार पाहिला नव्हता. पाटील हात पुढे घेई, पुन्हा मागे नेई. ते कुठे ठेवावेत, हे त्याला उमजेना. सरकारी वकिलांनी कंटाळून करंडा त्याच्या पुढ्यातल्या कठड्यावरच ठेवला. ठेवताना झाकण जरासे खडखडले.

"नही!" पाटील ओरडला. "साहेब, तो उचला आठेतून. सांगस मी. त्यानी माले त्याच दिन आणी दिधा व्हता. तीन दिन मन्हा घर व्हता. मीच सांगं, लई जाय, घरमा ठेव. आते उचला."

मी उभा होतो. हातात एक्केचाळीस प्रश्न होते. दंडाधिकारी माझ्याकडे पाहून म्हणाले, "वकीलसाहेब, उलटतपासणी?"

मी म्हणालो, "काही नाही." आयुष्यात तसे मी प्रथमच म्हणालो.

सुकलाल सुटला. बाहेर आल्यावर तो माझ्या पाया पडला आणि लगेच म्हणाला, "नाना कोठे शेत?" सर्वांना काहीतरी ठाऊक होते आणि ते फक्त मला ठाऊक नव्हते, अशी माझी जी त्या वेळी भावना झाली, ती आजतागायत पूर्ण गेलेली नाही.

बाररूममध्ये दोघांनी सिनेमाचे कथानक सांगितले, ते परस्परांशी जुळेना. म्हणून मी नोटीस स्वतःपुरती शिथिल केली आणि नानांना लेखी कळवले की मला चित्र दाखवण्यात यावे. त्यांनी एका रविवारी दुपारी कापसाच्या गोदामात खिडक्यांना गोणपाटे लावून, मी आणि माझी पत्नी असे दोघांपुरते ते दाखवले. ध्वनिक्षेपक न घेताच ते पडद्याशेजारी उभे राहिले.

सिनेमा, कलाकृती म्हणून, अत्यंत वाईट होता. करंडा हवेत तरंगे तेव्हा दोरी दिसत होती. पळणाऱ्या माणसाला तेच केळीचे झाड तीनदा आडवे आले. राणीच्या पदराआडून मिशी डोकावली त्या क्षणी पत्नी हसली आणि तिने तोंड झाकून घेतले. पण फिल्मच्या शेवटच्या गुंडाळीत एक प्रसंग आला आणि पत्नीने तोंडावरचा हात काढला. गावचा कारभारी पंचांपुढे उभा आहे. सारे जण झाकण ओढताहेत. ते उघडत नाही. कारभारी सांगतो, "मी ही वस्तू जन्मात पाहिलेली नाही." आणि तो हे बोलत असतानाच त्याचा उजवा हात, जणू त्याचा नसल्यासारखा, पुढे जातो, मोराची मान खाली दाबतो, डावीकडे फिरवतो, आणि झाकण उघडते. कारभारी स्वतःच्या हाताकडे पाहतो. धूर निघतो. त्या धुरातून नानांचा आवाज आला : "तुला या नोटिशीने कळविण्यात येते की, तुझे तोंड एक सांगते आणि तुझा हात दुसरे सांगतो."

मी गोदामातून घरी आलो तो लिहायलाच बसलो. न्यायप्रविष्ट प्रकरणातील साक्षीदारास भीती घातली, वकील आणि पक्षकार यांचे गोपनीय बोलणे चोरून ऐकून त्याचा जाहीर खेळ केला, न्यायालयाचा अवमान केला : दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची तक्रार सहा पाने झाली. निर्दोष माणूस सुटला, हे खरे. पण तो कायद्याने सुटला की भुताने, हे कोणीतरी ठरवायला नको का? भीतीने वदवलेले सत्य हे सत्य असते का? मला कळेना, आणि मला जे कळत नाही, त्याने मी नेहमीच अधिक संतापतो. तक्रार धाडण्यापूर्वी विरुद्ध पक्षास म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, म्हणून मी सहा पाने घेऊन पलीकडे गेलो.

नाना काळ्या कापडात डोके घालून रिकाम्या खुर्चीकडे पाहत होते.

"नाना, तो प्रसंग तुम्हाला कोठून मिळाला? माझ्या पक्षकाराचे बोलणे ऐकून ना?"

कापडातून डोके बाहेर आले. "नोटीस उठनी का?"

"उठली. बोला."

"सुकलाल काय सांगे ते माले काय करनं. मी दखं." स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले ते शांतपणे सांगू लागले. जप्तीच्या दिवशी झाकण उघडून फोटो हवा होता. फौजदाराने ओढले, शिपायाने ओढले, कोणालाच उघडेना. पाटलाला जेवायला उशीर होत होता. तो म्हणाला, "आना आठे." त्याने मोराची मान दाबली, डावीकडे फिरवली, झाकण उघडले. "पहिलांदा दखणारा माणूसले कसं मालूम, डावीकडे? आणि मंग तो त्याना हातकडे दखत राहिना. मी काचमा दखी राहिंतू. उलटा."

पंचनाम्यात तो मजकूर होता : झाकण उघडून पाहता आत माती आढळली. मी तो अनेकदा वाचला होता आणि 'माती' या शब्दाखाली तांबड्या पेन्सिलीने रेघही मारली होती. कोणी उघडले, हे मी विचारले नव्हते. एक्केचाळीस प्रश्नांत ते नव्हते. फौजदार हजर, शिपाई हजर. एका प्रश्नाने काम भागले असते. त्याला भूत लागले नसते.

"मग हे मला सांगितले का नाही?" मी ओरडलो. माझा आवाज फळ्यांपलीकडे माझ्याच कार्यालयात गेला असणार.

नानांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. फोटोला बसलेल्या माणसाकडे पाहत, तसे.

"सांगाले दोन येळा उनू," ते म्हणाले. "तुम्हीन सांगं, लेखी द्या. माले लिखता येत नही. म्हणीसन दारवर चितारं. ते तुम्हीन पुसी टाकं, वरतून नोटीस दिधी. मंग पडदावर दिधं. यानापेक्षा लेखी मन्हाकडे काही नही, वकीलसाहेब."

माझ्या हातात सहा पाने होती. ती कुठे ठेवावीत, हे मला कळेना. एकदा पाठीमागे नेली, एकदा पुढे घेतली. नानांचे लक्ष तिकडेच होते. मग ते पुन्हा काळ्या कापडात शिरले. जणू मी तिथे नव्हतो, किंवा आता मला बोलायची गरज उरली नव्हती.

रात्री जेवताना मी पत्नीला ते चित्र आठवेल तसे काढून दाखवले. मिशा, मोर, पाय वर. तिने कागद फक्त उलटा फिरवला. "हा करंडा उघडतोय ना?" ती म्हणाली आणि भाकरी वाढू लागली.

ती तक्रार माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी ती फाडली नाही, कारण तिच्यातील कायद्याचे मुद्दे आजही बिनचूक आहेत. नाना गेले, स्टुडिओ गेला. सिनेमाच्या बहुतेक गुंडाळ्या तंबूवाल्याकडून कोठे गेल्या, ते कळले नाही. शेवटची तेवढी त्यांनी जाण्याआधी पत्र्याच्या डब्यात घालून माझ्या दाराशी आणून ठेवली होती. दारावर चित्र नव्हते.

गेल्या महिन्यात मी जुनी दप्तरे आवरली. सुकलालच्या प्रकरणात दाखल कागदांची यादी माझ्या हातची, दहा नोंदींची आहे. तिच्याखाली मी अकरावी लिहिली. कागदाचे वर्णन : साक्षीदाराचे लेखी निवेदन, पत्र्याचा डबा एक. दाखल करणाराची सही : नाही. शेवटच्या रकान्यात शेरा असतो. तिथे बराच वेळ पेन टेकवून बसलो आणि मग लिहिले : मुदतीत मिळाले. वाचले नाही.